काळी सायकल पुन्हा रस्त्यावर

क्रूझर म्हणजे ताठ बसून सावकाश चालवायची, जड पोलादी सांगाड्याची, रुंद टायरची आणि बहुधा एकाच गिअरची सायकल. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये २.१२५ इंच रुंदीच्या फुगीर टायरची सायकल काढली आणि हा घाट तिथे रुळला. भारतात तेच काम इंग्रजी रोडस्टरच्या वंशातल्या काळ्या सायकलीने केले. २८ इंची चाके, रॉड ब्रेक, मागे वळलेले हँडल, स्प्रिंगची सीट, भक्कम कॅरियर आणि मागचे चाक उचलून धरणारा मोठा स्टँड हे तिचे सामान. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, लांजीच्या धानपट्ट्यात आणि भरवेली, उकवा, तिरोडीच्या मँगनीज खाणींच्या आसपास ही सायकल पिढ्यान्‌पिढ्या राबली. घरोघरी मोटारसायकल आली तशी ती पडवीत, गोठ्याच्या भिंतीला किंवा सरळ भंगारात गेली.

तिला परत रस्त्यावर आणणे परवडते ते मुख्यतः सुट्या भागांमुळे. युरोप-अमेरिकेत २८ बाय दीडचा टायर शोधत फिरावे लागते. बालाघाट, गोंदिया किंवा नागपुरात तो साध्या सायकल दुकानात टांगलेला असतो, कारण या मापाची सायकल भारतात अजून बनते. कॉटर पिना, छर्रे, त्यांना दाबून धरणारे कोन, ब्रेकचे रबर, सीटच्या स्प्रिंगा हे सारे तसेच. खर्च वाया जातो तो कामाचा क्रम चुकल्याने. बहुतेकांचा पहिला पैसा रंगावर जातो आणि हाती येते ती चकचकीत पण खडखडणारी सायकल. आधी सांगाडा, मग छर्रे आणि चाके, मग ब्रेक, आणि रंग सर्वांत शेवटी ठरवावा, हा क्रम पाळला तर कमी खर्चात चालणारी सायकल मिळते.

सांगाडा पारखताना

सायकल निवडताना गंज पाहून घाबरू नये आणि चकाकी पाहून भुलू नये. वरवरचा गंज निघतो. वाकलेली फ्रेम सहसा सरळ होत नाही. डोक्याची नळी, म्हणजे ज्यातून हँडलचा दांडा उतरतो ती, तिच्या मागच्या सांध्याखाली दोन्ही नळ्यांवर बोट फिरवावे. तिथे रंगाला सुरकुती किंवा पत्र्याला हलका उंचवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली असते. पुढचा चिमटा बाजूने पाहिला असता त्याचा बाक पुढे जाणारा हवा. तो मागे दबलेला असेल तर चिमटाच बदलावा लागतो. मागच्या भागासाठी सुतळी पुरते. ती मागच्या एका बाजूच्या एक्सलच्या खाचेला बांधून, डोक्याच्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावी. सीटच्या नळीपासून दोन्ही सुतळ्यांचे अंतर सारखे भरले तर सांगाडा सरळ आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, बोटभर फरक चालत नाही.

सीटची दांडी आणि हँडलचा दांडा हलतात का, हे सौदा ठरण्याआधीच पाहावे. वर्षानुवर्षे पावसात उभ्या राहिलेल्या सायकलीत हे दोन्ही नळीत गच्च बसतात आणि ते काढताना फ्रेमच जाते. बीबीच्या खाली, म्हणजे क्रँक ज्यात फिरते त्या आडव्या नळीच्या तळाशी, पाणी साचते. तिथे खिळ्याच्या टोकाने टोचून पत्रा कुजला नाही ना, याची खात्री करावी.

मापाच्या बाबतीत बोलीतला घोळ लक्षात घ्यावा. ‘बावीस’ आणि ‘चोवीस’ ही मापे फ्रेमची आहेत, चाके दोन्हींची २८ इंचीच. मध्यम उंचीच्या माणसाला बावीसची फ्रेम बरी पडते. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत निदान दोन बोटे जागा राहावी. ओझ्यासाठी घेतलेल्या अनेक सायकलींना दोन दांड्या असतात. अशी डबल दांडीची फ्रेम जड असली तरी तिला कापून हलकी करण्याचा मोह टाळावा, कारण मागे धानाचे पोते असताना फ्रेम पिळत नाही ती याच दुसऱ्या दांडीमुळे.

सायकल कुठल्या कंपनीची हे ओळखण्याचा उपयोग फक्त हौसेपुरता नसतो. टीआय सायकल्स १९४९ मध्ये मद्रासला उभी राहिली आणि तिच्याकडून हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए आल्या. ॲटलस १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झाली. मध्य प्रदेशात ग्वाल्हेरजवळ मालनपूरलाही तिचा कारखाना होता, तो २०१४ मध्ये बंद पडला आणि साहिबाबादचा २०२० मध्ये. लुधियानाची हीरो १९५६ची. आसनसोलच्या सेन-रॅलेचे पुढे सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया झाले. या बहुतेकांचे भाग एकमेकांना लागतात. अडचण येते ती जुन्या इंग्रजी रॅलेला: तिच्या बीबीचे आटे इंचाला २६ असतात, बाकीच्यांचे २४. दुकानातला नवा कप, म्हणजे बीबीच्या टोकाला बसणारी छर्ऱ्यांची वाटी, त्यात दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की नळीतले आटे गेलेच. सेन-रॅलेच्या बाबतीतही जुना कप सोबत नेऊन आटे जुळवूनच नवा घ्यावा.

भंगारवाल्याकडून किंवा अनोळखी माणसाकडून सायकल घेताना फ्रेम नंबर लिहिलेली साधी पावती घ्यावी. नंबर सहसा सीटच्या नळीच्या सांध्यावर किंवा बीबीच्या तळाशी ठोकलेला असतो. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पितळी बिल्ला देत. असा बिल्ला फ्रेमला अडकलेला सापडला तर तो तसाच ठेवावा, नव्या रंगापेक्षा त्याची किंमत मोठी.

उघडण्याची कला

एकेक भाग सुटा करण्याआधी दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. रॉड ब्रेकच्या सळया, कोपरे आणि कड्या कुठे कशा बसतात, हे आठवड्याने आठवत नाही. प्रत्येक जागेचे नट, वॉशर, कोन वेगळ्या डब्यात ठेवावेत आणि जुना कोन तो दिसताक्षणी फेकू नये, नव्याचे माप त्याच्यावरूनच जुळवायचे असते.

नट उघडत नसेल तर पान्ह्याला पाइप लावून ताकद करण्याऐवजी आदल्या रात्री डिझेलमध्ये थोडे मशीन ऑइल मिसळून सोडावे. दोन ठिकाणी आटे उलटे असतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो. डाव्या पायाचे पायडल आणि चेनच्या बाजूचा बीबीचा स्थिर कप, हे दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटतात. स्थिर कप झिजलेला नसेल तर तो काढूच नये, आतून पुसून तपासला तरी पुरते.

सर्वांत अवघड काम कॉटर पिनचे. क्रँक एक्सलवर धरून ठेवणारी ही तिरपी पाचर वर्षानुवर्षे ठोकून बसलेली असते. नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाशी समपातळीत आणावा, म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही. क्रँकच्या खाली, पिनच्या डोक्याच्या बाजूला, लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा करावा. पिन त्याच्या पोकळीत उतरेल इतका तो रुंद हवा. मग जड हातोड्याचा एकच सरळ घाव. हलक्या हातोडीचे वीस घाव पिन वाकवतात आणि खालच्या टेकूशिवाय मारलेला घाव छर्ऱ्यांच्या वाट्यांवर खड्डे पाडतो. निघालेली पिन परत वापरू नये. नवी बसवताना तिचा सपाट भाग एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकेपर्यंत कानसीने थोडा थोडा घासावा. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घातल्या तरच दोन्ही क्रँक एका रेषेत येतात. चालवताना एक पाय पुढे, एक मागे असे ‘लंगडल्यासारखे’ वाटले तर दोष बहुधा इथेच असतो.

गंज काढणे

बालाघाटच्या पावसाळ्यात सायकल महिनोन्‌महिने ओली राहते. चिखल मडगार्डच्या आत सुकतो आणि त्याच्या खाली पत्रा गंजत जातो. हलका गंज आणि निकेलवरचे डाग घालवायला घासणीपेक्षा पाण्यात बुडवलेला ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद बरा. तो पोलादापेक्षा मऊ असल्याने मुलामा खरवडत नाही. खोल गंजासाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरते. लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घालून सुटे भाग रात्रभर बुडवावेत, सकाळी ब्रशने घासावेत, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढावेत आणि लगेच उन्हात वाळवून तेल लावावे. तेल लावायला तासभर उशीर झाला तरी पिवळा गंज परत धरतो. स्प्रिंगा, छर्रे आणि कोन मात्र या पाण्यात टाकू नयेत. कडक केलेले पोलाद आम्लात ठिसूळ होते. त्यांना रॉकेल किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश पुरे.

फ्रेमच्या नळ्यांच्या आतला गंज दिसत नाही. सीटची दांडी काढली की नळीत थोडे इंजिन ऑइल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी कलती करावी आणि उरलेले तेल बीबीतून निथळू द्यावे. हे काम रंगाच्या आधी केले तर नंतर भोकांमधून गळणारे तेल नवा रंग धरू देत नाही, म्हणून ते रंगानंतर, जोडणीच्या वेळी करावे.

छर्रे आणि चाके

सायकल हलकी किंवा जड चालते ती मुख्यतः तीन ठिकाणच्या छर्ऱ्यांवर: दोन्ही चाकांचे हब आणि बीबी. पुढच्या हबला दर बाजूला १० छर्रे, तीन सोळांश इंचाचे, मिस्त्रींच्या भाषेत दीड सुती. मागच्या हबला दर बाजूला ९ आणि बीबीला ११, दोन्ही पाव इंची, म्हणजे दोन सुती. छर्रे पैशाला पासरी मिळतात, तेव्हा जुने आणि नवे मिसळू नयेत. एक मोठा छर्रा सगळा भार घेतो आणि आधी कोन, मग वाटी खातो. कोनावर छर्ऱ्यांची चाकोरी गुळगुळीत आणि सलग असेल तर तो चालेल, तिथे खवले किंवा खड्डे दिसले तर बदलावा. वाटीत आधी ग्रीस भरावे, छर्रे त्यात चिकटवावेत.

कोन कसण्यात मिस्त्रीचा हात दिसतो. एक्सल दोन बोटांनी फिरवला तर तो कुठे अडू नये आणि बाजूला हलवला तर खेळू नये. जॅम नट कसताना कोन थोडा पुढे सरकतो, म्हणून किंचित सैल ठेवून नट कसल्यावर परत पाहावे. जुन्या हबवर मधोमध स्प्रिंगच्या पट्टीने झाकलेले तेलाचे भोक असते. नवे हब बिनभोकाचे मिळतात, पण धुळीच्या रस्त्यावर जुनी सोय चांगली: महिन्याला चार थेंब तेल सोडले की आतली घाण बाहेर ढकलली जाते.

काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आरे असतात आणि मागच्याला ४०, कारण ओझे मागे असते. नवी रिम घेताना भोके मोजूनच घ्यावी. चाकाचा आउट काढताना दोन दोष वेगळे धरावेत. चाक डावी-उजवीकडे डुलते तो एक आणि वर-खाली उडते तो दुसरा. आधुनिक सायकलीत पहिला जास्त त्रास देतो. रॉड ब्रेकच्या सायकलीत मात्र रबर रिमच्या आतल्या कडेवर, म्हणजे हबच्या बाजूने, दाबते. त्यामुळे चाक वर-खाली उडत असेल तर ब्रेक एका जागी घासतो आणि दुसऱ्या जागी लागतच नाही. म्हणून या सायकलीचा गोलवा आधी साधावा, डुलणे नंतर. निपल एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. गंजलेल्या निपलवर आदल्या दिवशी तेल टाकले नाही तर आरा पिळतो आणि तुटतो.

टायरच्या बाबतीत इंचांवर विसंबणे धोक्याचे आहे. टायरच्या कडेवर उठवलेला मिलिमीटरचा आकडा पाहावा. काळ्या सायकलीचा टायर ४०-६३५. २६ इंची म्हणून विकले जाणारे टायर मात्र दोन वेगळ्या जातींचे असतात: रुंद २.१२५चा ५७-५५९ आणि बारीक १-३/८चा ३७-५९०. नावात दोन्ही २६, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. ट्यूबच्या वॉल्व्हमध्ये रबरी नळी असेल तर ती दर पावसाळ्यानंतर बदलावी. पंक्चर सापडत नाही आणि हवा तर रोज उतरते, अशा तक्रारीचे कारण बऱ्याचदा ही काही पैशांची नळी असते.

ब्रेक

रॉड ब्रेक दिसायला सुरेख आणि देखभालीला सोपा आहे, पण त्याची एक मर्यादा आहे. निकेल चढवलेली पोलादी रिम ओली झाली की रबर तिच्यावर घसरते आणि थांबायला लागणारे अंतर कितीतरी वाढते. पावसात रिम कोरडी करण्यासाठी थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका धरून ठेवावा. रबरे टणक आणि चकचकीत झाली असतील तर ती बदलावीत. नुसती घासून चार दिवस चालतात. सळयांचे सगळे कोपरे खेळते हवेत. एक कोपरा वाकला तरी बोटांचा जोर वाटेतच मुरतो.

अनेकांना रॉड ब्रेक काढून केबलचा कॅलिपर बसवायची इच्छा होते. नुसता ब्रेक बदलून हे होत नाही. काळ्या सायकलीच्या रिमची बाजू गोल असते आणि कॅलिपरच्या रबराला सपाट बाजू लागते. म्हणजे रिम, आरे, ब्रेक, केबल, ब्रेकची मूठ सगळेच बदलावे लागते. इतके करायचे असेल तर मूळ चाके आणि सळया तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवाव्यात, कारण पुढे सायकल विकायची झाली तर गिऱ्हाईक तेच मागते.

क्रूझरची खरी ओळख असलेला, उलटे पायडल मारल्यावर लागणारा कोस्टर ब्रेक मागच्या हबमध्येच असतो. तो पावसात भिजत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण कोस्टर हब बहुधा ३६ भोकांचे येतात आणि काळ्या सायकलीची मागची रिम ४० भोकांची, म्हणून त्याच्यासोबत रिमही बदलावी लागते. त्याचा बाहू चेनच्या विरुद्ध बाजूला मागच्या नळीशी पट्टीने घट्ट बांधला नाही तर ब्रेक लावताच एक्सल फिरून आरे तुटू शकतात. दुसरी गोष्ट उताराची. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या श्विन क्रूझर डोंगरावरून खाली सोडत. १९७६ मध्ये तिथे सुरू झालेल्या शर्यतीला ‘रीपॅक’ नाव पडले ते एवढ्यासाठी, की एका उतारात कोस्टर हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते दर वेळी नव्याने भरावे लागे. बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता गांगुलपाऱ्याकडून घाट चढतो. त्या उतारावर केवळ कोस्टरच्या भरवशावर जाऊ नये. पुढचा ब्रेक वेगळा आणि चालता हवा.

दातांचा हिशेब

एकाच गिअरच्या सायकलीतही गिअर निवडता येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पुढे ४४ दातांचे चेनव्हील आणि मागे १८ दातांचे फ्रीव्हील असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात २८ इंची सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. वारासिवनी, लालबर्रा, खैरलांजीच्या वैनगंगेकाठच्या सपाटीला हे प्रमाण छान. बैहर, परसवाड्याच्या पठारावर किंवा मागे ओझे असताना २२ दातांचे फ्रीव्हील लावले की तोच फेरा साडेचार मीटरवर येतो आणि चढावर उतरून ढकलायची वेळ कमी येते. फ्रीव्हील स्वस्त असते, चेनला दोन-तीन कड्या जोडाव्या लागतात, आणि गुडघ्यांना फरक त्याच दिवशी कळतो. नव्या रंगावर घातलेल्या पैशापेक्षा हा पैसा केव्हाही सार्थकी लागतो.

चेन झिजली की नाही, ते पट्टीने कळते. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ इंचांच्या पुढे एक अष्टमांश इंचाने, म्हणजे एका सुताने, गेल्या तर चेन बदलावी आणि फ्रीव्हीलचे दातही पाहावेत. जुन्या दातांवर नवी चेन उडते. खाणीच्या रस्त्याची धूळ आणि जास्तीचे तेल यांचा चेनवर सहाणेसारखा लेप होतो, म्हणून तेल कड्यांच्या सांध्यात थेंबाने सोडून बाहेरून पुसून घ्यावे. पूर्ण झाकणारे चेन कव्हर असेल तर ते कितीही खडखडले तरी फेकू नये. आत रबराची पट्टी चिकटवली की आवाज जातो.

रंग

रंग द्यायचाच का, हा पहिला प्रश्न. मूळ काळा भट्टीचा रंग, त्यावरच्या सोनेरी रेघा आणि कंपनीचे चिन्ह बऱ्यापैकी शिल्लक असतील तर फ्रेम साबणाच्या पाण्याने धुऊन, मऊ पॉलिश आणि मेण लावून तशीच ठेवणे शहाणपणाचे. हाताने मारलेल्या त्या रेघा परत तशा उमटत नाहीत. गंजलेले ठिपके तेवढे घासून, रेड ऑक्साइड प्रायमर आणि काळा एनॅमल बारीक ब्रशने लावावा. डोक्यावरचे पितळी किंवा ॲल्युमिनियमचे चिन्ह रिव्हेटांनी बसवलेले असते. ते उपटण्यापेक्षा त्याच्यावर चिकटपट्टी लावून रंग द्यावा.

रंग पूर्ण गेला असेल तर सगळा खरवडावा लागतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये; वॉटर पेपर ओला करून, तोंडावर मास्क बांधून आणि मुलांना दूर ठेवून काम करावे. पावडर कोटिंग टिकाऊ आहे, पण ते भट्टीत सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजले जाते आणि त्याचा थर जाड असतो. बीबीचे आटे, डोक्याच्या वाट्यांच्या जागा आणि एक्सलच्या खाचा झाकून घेतल्या नाहीत तर नंतर एकही भाग बसत नाही. साध्या एनॅमलसाठी धानाची कापणी उरकल्यावरचे महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सर्वांत चांगले: हवा कोरडी, ऊन सौम्य आणि माणसाला वेळही असतो. जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात द्यावेत, आणि शेवटच्या हातानंतर आठवडाभर फ्रेमला हात लावू नये. श्रावणात दिलेला रंग वरून सुकतो, आतून मऊ राहतो आणि पहिल्याच पट्टीच्या दाबाने निघतो.

हौसेचे बदल

सायकल सजवणे ही काही परदेशातून आलेली हौस नाही. हब पुसत फिरणारे रंगीत गोंडे, आऱ्यांवरचे मणी, झालरीचे सीट कव्हर, हँडलच्या मुठींतून लोंबणाऱ्या रिबिनी, मागच्या मडगार्डच्या रबरावर लिहिलेले गावाचे नाव, हे सगळे गावोगावी चालत आले आहे. त्यातले काही उपयोगाचेही आहे. गोंडा हबवर धूळ बसू देत नाही आणि मडगार्डचे लांब रबर मागच्याच्या अंगावर चिखल उडू देत नाही. जुन्या कारागिरीचे दिवे, कुलुपे, घंट्या पाहायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. मूळ भाग कसा दिसत होता, याचा अंदाज तिथे येतो.

बदल करताना एक पथ्य पाळावे: फ्रेमला भोक पाडू नये आणि वेल्डिंगची काडी लावू नये. कॅरियर, टोपली, बाटलीचा पिंजरा, दिवा हे सगळे पट्टी आणि नट-बोल्टने बसते. जुन्या फ्रेमचे सांधे पितळाने जोडलेले असतात. बाजूच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात त्यावर आर्क वेल्डिंग केले की शेजारची पातळ नळी भाजते आणि काही महिन्यांनी नेमकी तिथेच चिरते. तेंदूपत्ता, मोहफुले किंवा पोती न्यायची असतील तर कॅरियरला जादा टेकू मागच्या एक्सलपर्यंत द्यावा, सीटच्या नळीवर लटकवू नये. दिव्यासाठी जुना ६ व्होल्ट, ३ वॅटचा डायनॅमो चालतो, पण टायरवर घासल्याने सायकल जड जाते. आता बॅटरीचा एलईडी दिवा बरा. मागचा लाल रिफ्लेक्टर मात्र असलाच पाहिजे, कारण अंधाऱ्या रस्त्यावर ट्रकवाल्याला काळी सायकल दिसत नाही.

खराखुरा रुंद टायर हवा म्हणून काळ्या सायकलीत २६ बाय २.१२५ची चाके घालायचा प्रयोग करणारे आहेत. तो करू नये. रिम लहान झाल्याने रॉड ब्रेक तिच्यापर्यंत पोचत नाही, सायकल सुमारे दोन सेंटिमीटर खाली बसते, वळणावर पायडल जमिनीला टेकू शकते आणि टायर मागच्या नळ्यांना घासतो.

रुंद टायरची क्रूझर करायची तर स्वस्त, न उसळणाऱ्या पोलादी चिमट्याची २६ इंची गिअरची सायकल घ्यावी. अशा सायकली दोन-तीन वर्षांत गिअर बिघडले म्हणून पडून राहतात आणि जवळजवळ भंगाराच्या भावाने मिळतात. डबल शॉकअपच्या मात्र नादी लागू नये. त्यांचे सांधे झिजले की फ्रेम मधोमध हलते. गिअर, त्यांच्या केबली आणि खटके काढून टाकावेत. मागच्या हबवर आट्यांचे गिअर फ्रीव्हील असेल तर त्याच आट्यांवर १८ दातांचे एकेरी फ्रीव्हील बसते. फक्त चेन पुढून मागे सरळ रेषेत यावी म्हणून वॉशर आणि आऱ्यांचा ताण जुळवून चाक मध्यावर आणावे लागते. एक्सलच्या खाचा आडव्या असतील तर चेन ताणता येते. उभ्या असतील तर चेन टेन्शनर लावावा लागतो. मग रोडस्टरचे मागे वळलेले हँडल, स्प्रिंगची रुंद सीट, पूर्ण मडगार्ड. मडगार्ड आणि टायर यांत दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडावी, नाहीतर बांधावरची काळी चिकणमाती त्यात दाटून चाक जाम करते.

मध्य प्रदेशात शाळकरी मुलांना सरकारकडून सायकली मिळतात, सहावीला १८ इंची आणि नववीला २० इंची. शाळा संपली की त्या घरी पडून राहतात. दांडी नसलेली मोकळी फ्रेम असेल तर साडी नेसणाऱ्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढायला ती सोयीची. सीटची लांब दांडी, उंच हँडल आणि मागे टोपली लावली की अशी सायकल बाजारहाटाला फार उपयोगी पडते. मात्र सीटची दांडी वर ओढताना तिच्यावरची कमाल उंचीची खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे.

पहिली फेरी

जोडणी झाल्यावर सायकल लगेच ओझ्याला लावू नये. रिकामी सायकल घेऊन गावातल्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारावी आणि परत येऊन दोन्ही कॉटरचे नट कसावेत. नवी पिन बसत जाते तशी सैल होते. ५० किलोमीटरनंतर कॉटर परत कसावेत, आऱ्यांवर बोट मारून आवाज एकसारखा येतो का ऐकावे आणि सैल आढळतील ते आवळावेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली असता डोक्यापाशी टकटक झाली, तर वरची वाटी किंचित घट्ट करावी. चामड्याची सीट असेल तर तिच्या नाकाखालचा बोल्ट अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त ताणू नये आणि चामड्याला आतल्या बाजूने मेणाचा मलम लावावा. दर वर्षी पावसाळा संपला की दोन्ही हब आणि बीबी उघडून ग्रीस बदलावे. शेतीची घाई नसेल तेव्हा हे काम दोन संध्याकाळी आटोपते.